रुग्णालयाचे मानांकन : एका बालरोगतज्ज्ञाचा अनुभव

संस्थेच्या स्मरणिकेसाठी आजवर मी लसीकरण, बालदमा अशा विषयांवर लिहीत आलो. यंदा विषय बदलण्याचे कारण म्हणजे बेळगावातील अनेक समव्यवसायी मित्रांनी विचारलेला एकच प्रश्न : "तुमच्याकडे एनएबीएचची तपासणी झाली म्हणे, फाइली कोणाकडून करून घेतल्या?"

डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अंतर्गत २००५ साली रुग्णालयांच्या मानांकनासाठी जे मंडळ स्थापन झाले, ते एनएबीएच. त्याची मानके दहा प्रकरणांत विभागलेली असून त्यांतील पाच रुग्णसेवेविषयी, तर पाच रुग्णालयाच्या व्यवस्थापनाविषयी आहेत. पन्नास खाटांपर्यंतच्या लहान रुग्णालयांसाठी वेगळा संच आहे. आमचे तीस खाटांचे बालरुग्णालय त्यात बसते. खरे सांगायचे तर, विमा कंपन्यांच्या यादीत नाव टिकावे, एवढाच आमचा मूळ हेतू होता.

सुरुवात अर्थातच फाइलींपासून झाली. एका परिचिताकडून तयार नियमावली मिळाली. मूळ रुग्णालयाचे नाव खोडून आमचे घातले. कित्येक दिवसांनी ती वाचताना लक्षात आले की, तिच्यात डायलिसिस विभागाच्या सुरक्षिततेवर बारा पाने होती. आमच्याकडे डायलिसिसचे यंत्र कधीच नव्हते!

अशातच एका रात्री जे घडले, त्याने आमच्या तयारीची दिशा बदलली. सहा किलो वजनाच्या एका तान्ह्या बाळाला ताप होता व तोंडाने औषध टिकत नव्हते. शिरेतून द्यावयाच्या पॅरासिटामॉलची मात्रा किलोमागे १० मिलिग्रॅम या हिशेबाने ६० मिलिग्रॅम होते. या औषधाच्या शंभर मिलिलिटरच्या बाटलीत १००० मिलिग्रॅम, म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. बाळाला ६ मिलिलिटर पुरेसे होते. मी घाईने केसपेपरवर नुसते '६०' लिहिले, एकक लिहिले नाही. नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेने ते मिलिलिटर समजून बाटली टांगली. ते औषध गेले असते, तर बाळाच्या यकृतावर दहापट मात्रेचा आघात झाला असता. पाळी बदलण्याची वेळ होती म्हणून ज्येष्ठ सिस्टर तेथे आल्या आणि त्यांनी मला फोन केला, "सर, सहा किलोच्या बाळाला साठ मिली?" थेंब सुरू होण्यापूर्वीच बाटली उतरली.

दुसऱ्या दिवशी नव्या सिस्टर रडत होत्या आणि आमच्यातील काहींचे मत त्यांना कामावरून कमी करावे असे होते. चूक माझ्या हस्ताक्षरात होती, हे केसपेपर पाहणाऱ्या कोणालाही दिसत होते. तरीही ते मोठ्याने म्हणायला मला दुपार झाली. तोवर आमची 'अनुचित घटनांची नोंदवही' संपूर्ण कोरी होती व ती कोरी असल्याचा आम्हांला अभिमान होता. तिच्यात पहिली नोंद मी माझ्याच नावाने केली.

मग खरी तयारी सुरू झाली. प्रत्येक औषधाच्या आदेशाशेजारी बाळाचे त्या दिवशीचे वजन, मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि मिलिलिटरमध्येही लिहायची, असे ठरले. लहान बाळांसाठी बाटली टांगणे बंद झाले. सिरिंजमध्ये मोजूनच औषध घ्यायचे व दुसऱ्या परिचारिकेने ते पडताळायचे. पोटॅशियम क्लोराइडच्या दहा मिलिलिटरच्या कुप्या शुद्ध पाण्याच्या कुप्यांशेजारी एकाच ट्रेमध्ये असत. दोन्ही दिसायला सारख्या. पण पहिली विरळ न करता शिरेत गेल्यास हृदय थांबू शकते. त्या कुप्या कुलपात गेल्या. रुग्णाची ओळख खाटेच्या क्रमांकावरून न पटवता नाव व नोंदणी क्रमांक या दोहोंवरून पटवू लागलो. वॉर्डात एका वेळी तीन पाटील असतात, त्या बेळगावात याचे महत्त्व निराळे सांगायला नको.

भाषेचा प्रश्न सर्वांत किचकट ठरला. आमच्या काही सिस्टर कन्नड बोलतात, काही मल्याळी आहेत; पालक बहुधा मराठी, पण खेड्यांतून येणारे कित्येक केवळ कन्नड जाणणारे. फोनवरच्या तोंडी आदेशात 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांची गल्लत सहज होते. म्हणून आदेश ऐकणाऱ्याने तो लिहून वाचून दाखवायचा व आकडे सुटे सुटे, 'वन-फाइव्ह' असे, उच्चारायचे. पालकांचे संमतिपत्र त्यांना समजेल अशा भाषेत असावे, ही मानकांचीच अपेक्षा आहे. आमचे मराठी संमतिपत्र इतके संस्कृतप्रचुर होते की, एका आजीबाईंनी ते वाचून "हे कोर्टाचं हाय का?" असे विचारले. ते आम्ही पुन्हा लिहिले. कन्नड मजकूर कन्नडभाषक सिस्टरांनीच सुधारला.

प्रत्यक्ष तपासणीत परीक्षकांनी फाइली चाळल्या, पण वेळ घालवला तो वॉर्डात. दाखल असलेल्या एका मुलाचा केसपेपर घेऊन ते बाह्यरुग्ण विभागापासून प्रयोगशाळा व औषधालयापर्यंत त्याच्या वाटेने फिरले. सफाईच्या मावशींना त्यांनी विचारले, रक्त सांडले तर काय कराल? मावशींनी हातमोजे, वर टाकायचा टिपकागद, एक टक्का हायपोक्लोराइट आणि दहा मिनिटे थांबणे, सारे न अडखळता सांगितले. आमचे एक सहकारी मात्र हात केव्हा धुवायचे, याच्या पाच वेळा सांगताना चौथीवर अडले.

नोंदवहीतील ती पहिली नोंदही परीक्षकांनी वाचली व नंतर काय बदलले, एवढेच विचारले. त्या सिस्टर आज आमच्या नवजात विभागाच्या प्रमुख आहेत. गेल्या महिन्यात नोंदवहीत अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकी दोन माझ्या हस्ताक्षराविषयी आहेत.