गार हवेतून गरम पाणी!

दोस्तांनो, जानेवारीतल्या पहाटे अहिल्यानगरला पारा कधीकधी दहा अंशांपर्यंत उतरतो. अशा गारठ्यात बाहेरच्या हवेतली ऊब काढून आंघोळीचं पाणी तापवता येईल का? येतं! त्या यंत्राचं नाव हीट पंप.

आजीच्या तांब्याच्या बंबात मधल्या नळीत लाकडं पेटायची, भोवतीचं पाणी तापायचं आणि धूर डोळ्यांत जायचा. गीझरला धूर नाही, पण 20 अंशांचं 100 लिटर पाणी 45 अंशांवर न्यायला त्याला जवळपास 3 युनिट वीज लागते. चांगला हीट पंप तेच काम साधारण 1 युनिटमध्ये करतो. उरलेली उष्णता? ती हवेतली, फुकटची!

हे जमतं कसं? त्याच्या नळ्यांतून आर-134ए सारखा एखादा द्रव फिरतो. हा पठ्ठ्या साध्या दाबाला उणे 26 अंशांवरच उकळतो. म्हणजे त्याला उकळवायला आपली पहाटेची बोचरी हवासुद्धा पुरते. हवेतली उष्णता घेऊन त्याची वाफ झाली, की कॉम्प्रेसर तिला दाबतो आणि ती चांगलीच तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम लागतो ना, तसंच. ती उष्णता पाण्याला देऊन वाफेचा पुन्हा द्रव होतो, की निघाला पुढच्या फेरीला! हे यंत्र महाग असतं, म्हणून रोज भरपूर पाणी तापवणाऱ्या वसतिगृहांना ते लवकर परवडतं.

एसी याच कुळातला. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. पण नगरच्या उन्हाळ्यात मी आधी कूलरच लावीन. एप्रिल-मेमध्ये इथली हवा कोरडी असते, त्यामुळे पाणी भराभर उडून जातं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. एसीला दीड हजार वॅट लागतात, तिथे घरगुती कूलरचं दोनशेच्या आसपास भागतं. दमट मुंबईत मात्र कूलरची डाळ शिजत नाही. पावसाळ्यात नगरलाही नाही.

आणि वीजच नव्हती तेव्हा? निजामशाहीत, 1583 मध्ये सलाबतखानाने पुरा केलेला नगरच्या फराहबागेचा महाल तलावाच्या मधोमध उभा होता. भोवती पाणी, वर उंच छत, जाड भिंती. आता तो तलाव कोरडा आहे, भिंती मात्र आहेत. मे महिन्यात तिथे गेलात तर थर्मामीटर न्या. भर दुपारी आधी बाहेर सावलीत मोजा, मग आत. किती अंशांचा फरक पडला, ते आम्हाला नक्की कळवा!