माराच्या गवताला लाख रुपये, माणच्या माळाला ‘पडीक’

केनिया-टांझानियाची सहल आता मराठी मध्यमवर्गाला नवलाची राहिलेली नाही. तिथून आलेले सिंहाचे, चित्त्याचे फोटो पाहून आपल्याला वाटतं, काय ते प्राणी! खरं श्रेय मात्र गवताला द्यायला हवं. मसाई मारात जनावर दिसतं, कारण त्याला लपायला जागाच फार नसते. मैलोन् मैल बुटकं गवत, मध्येच एखादी काटेरी बाभूळ, आणि सकाळचा तिरपा उजेड थेट अंगावर. याच अपेक्षेने कोयना-चांदोलीच्या जंगलात गेलेला पर्यटक हमखास हिरमुसतो. 2010 साली झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 1165 चौरस किलोमीटरचा आहे. तिथे गवे आहेत, अस्वलं आहेत, शेकरू आहे. पण नवजासारख्या ठिकाणी वर्षाला 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यावर वाढलेल्या गच्च रानात दहा पावलांवरचा गवाही दिसत नाही. तिथला वाघ माणसापेक्षा ट्रॅप कॅमेऱ्यालाच अधिक भेटतो. आफ्रिकेशी तुलना करायचीच असेल, तर कोयनेच्याच सातारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जायला हवं. दहिवडीकडे जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस. माण, खटाव, पुढे सांगलीतले आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. खडकाळ जमीन, कुसळी गवत, बोरी, बाभळी, हिवर. शास्त्राच्या भाषेत हा माळही मारासारखा सव्हानाच. तो बघायला आपण परदेशात लाखांनी पैसे मोजतो, आणि घरच्या सव्हानाला सातबाऱ्याच्या भाषेत पडीक म्हणतो.

हा माळ रिकामा नाही. लांडगा, खोकड, तरस, चिंकारा ही सगळी याच उघड्या रानाची जनावरं. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्ये हे शिकारी पक्षी उतरतात आणि गवतावरून अगदी खालून तरंगत फिरतात. धाविक नावाचा पक्षी तर छायाचित्रकाराची परीक्षाच घेतो. रंग मातीचा, चार पावलं तुरुतुरु पळायचं, ताठ उभं राहायचं, झटकन वाकून किडा टिपायचा, की पुन्हा पळायचं. थांबतो त्या क्षणालाच फोटो मिळतो. त्यासाठी गाडीतच बसून राहावं आणि तांदूळ भरलेली कापडी पिशवी खिडकीवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. उभ्या गाडीला तो फारसा बुजत नाही, दार उघडून उतरलेल्या माणसाला मात्र बुजतो. ऊन चढलं की जमिनीवरची तापलेली हवा थरथरू लागते आणि महागातली महाग लेन्सही पुसट चित्र देते. हे नियम माराला लागू आहेत तसेच माणलाही.

मग पडीक हा शिक्का आला कुठून? इंग्रजी अमदानीत जी जमीन सारा देत नाही ती निकामी, असा हिशेब होता. देशाच्या पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत आजही झुडपी माळ त्याच रकान्यात जातो. निकामी ठरलं की सुधारणा आलीच: खड्डे, गिरिपुष्पाची रोपं, नाहीतर पवनचक्क्या. यावर हटकून येणारा आक्षेप असा, की इथे पूर्वी जंगल होतं, ते तोडल्यामुळे माळ उघडा पडला. मग झाडं लावली तर बिघडलं काय? काही डोंगरउतारांपुरतं ते खरंही असेल. पण अभ्यासकांनी जुनं मराठी वाङ्मय आणि लोकपरंपरा तपासून दाखवलं आहे, की पश्चिम महाराष्ट्रातली ही गवताळ रानं निदान 750 वर्षांची तरी आहेत. त्या जुन्या कथा-गीतांतून येणारी बरीचशी झाडं उघड्या माळाचीच आहेत. अशा जागी दाट झाडी उभी केली की धाविक आणि चिंकारा यांचं घर मोडतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्यांनी पाण्यासाठी पिढ्या घालवल्या, त्यांना लांडग्याचं कौतुक सांगायचं? टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं तिथे माणसांनी द्राक्षं लावली, ते योग्यच केलं. प्रश्न उरतो तो खडक वर आलेल्या, नांगर न चालणाऱ्या माळाचा. तिथला खरा वापरकर्ता मेंढपाळ आहे, आणि लांडग्याने नेलेल्या मेंढीचा तोटाही त्याचाच. माराच्या भोवती मसाई जमीनमालकांना त्यांच्या कुरणांचं भाडं मिळतं, गुरंही ठरलेल्या नियमांनी चरतात. सगळं सुरळीत आहे असं नाही, पण जनावर जगलं तर घरात पैसा येतो एवढं तिथे लोकांना कळलेलं आहे. आपल्याकडे माळ बराचसा सरकारी किंवा गायरान असल्याने भाड्याचा नमुना जसाच्या तसा चालणार नाही. मेंढीची भरपाई वेळेवर मिळणं आणि वाटाड्याचं काम धनगराच्या पोराला मिळणं, एवढं तरी जमण्यासारखं आहे. लाखोंचे कळप आणि सिंह इथे नाहीत, हेही कबूल. ज्याला तेच हवे आहेत त्याने खुशाल आफ्रिकेला जावं.

पर्यटकांच्या गाड्यांनी माळाचं वाटोळं होईल, ही भीती मात्र खोटी म्हणता येत नाही. मारात एका चित्त्याभोवती गाड्यांचं कोंडाळं जमतं, तसं इथे लांडग्यामागे बाइक घालणारेही निघतील. म्हणून जाल तेव्हा चाकोरी सोडू नका. मार्चपासून धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, आणि ती खड्यांसारखी दिसतात.