फिरत्या घरातील बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या समाजातील कुटुंबांना 'कॅम्पर' हा शब्द परका नाही. मोटारीमागे जोडलेले किंवा स्वतःच्याच इंजिनावर धावणारे हे फिरते घर. त्यात शेगडी, फ्रिज, पाणी तापवण्याचा हीटर आणि थंडीत आतली हवा उबदार ठेवणारी भट्टी असा सारा संसार असतो. ज्यांना सूर्यास्तापूर्वी जेवायचे आहे आणि कंदमुळे वर्ज्य आहेत, त्यांना प्रवासात स्वतःची चूल सोबत नेता येणे ही मोठीच सोय होय. मात्र उन्हाळा सरला, की उत्तरेकडील थंड राज्यांत हे घर पाच-सहा महिने अंगणात किंवा भाड्याच्या आवारात नुसते उभे राहते. मालकाने कुलूप लावले, की दुसरे बिऱ्हाड तेथे येऊन उतरते.

हे बिऱ्हाड कोळ्यांचे आणि कुंभारीण माश्यांचे. कॅम्परमधील बहुतेक उपकरणे प्रोपेन वायूवर चालतात; अनेक गाड्यांतील फ्रिजसुद्धा एका लहानशा ज्योतीच्या उष्णतेवर थंडी निर्माण करतो. प्रत्येक ज्योतीला हवा लागते आणि जळालेला वायू बाहेर सोडावा लागतो. म्हणून गाडीच्या बाह्य भिंतीवर झडपा, नळ्या आणि छिद्रे असतात. काळोखी, कोरडी, वाऱ्यापासून सुरक्षित अशी अरुंद नळी कोळ्याला आणखी कोठे मिळणार? वायूगळती कळावी म्हणून प्रोपेनमध्ये जो उग्र वास मिसळलेला असतो, त्याच्याकडे कोळी ओढले जातात, असेही कॅम्परवाल्यांमध्ये मानले जाते.

एखाद्या नळीत थोडे कोळिष्टक धरले तर एवढे काय बिघडले, असे वाटणे स्वाभाविक आहे. बिघडते ते असे. हीटरच्या बर्नरमध्ये वायू एका सूक्ष्म छिद्रातून येतो आणि नळीच्या तोंडाशी हवा ओढून घेत पुढे जातो. दोहोंचे मिश्रण योग्य असेल तर ज्योत निळी जळते. वाटेत जाळे आले, की हवा कमी पडते, ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि बंद गाडीत झोपलेल्या माणसांना तो जागे होण्याची संधीही देत नाही. मार्ग पुरताच तुंबला, तर ज्योत नळीच्या उलट्या तोंडाने बाहेर येऊन आसपासच्या वायरी पेटवू शकते.

ही भीती कल्पनेतील नाही. माझदा कंपनीने २०११ साली उत्तर अमेरिकेतील सुमारे ६५,००० मोटारी परत बोलावल्या, त्या एका पिवळसर कोळ्यामुळे. इंधनाच्या वाफा वाहून नेणाऱ्या नळीत तो जाळे विणत असे, त्यामुळे टाकीवर ताण येऊन तिला तडा जाण्याचा धोका होता. त्याहून दारुण घटना ६ फेब्रुवारी १९९६ ची. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पोर्तो प्लाता येथून उडालेले बोइंग ७५७ विमान समुद्रात कोसळले आणि १८९ माणसे प्राणास मुकली. विमानाचा वेग मोजणारी नळी तुंबली होती. ते विमान त्याआधी सुमारे वीस दिवस जमिनीवर उभे होते, नळीवर आच्छादन घातलेले नव्हते आणि कुंभारीण माशीने तीत घर केले असावे, असा चौकशीचा कल होता. विम्याचा हप्ता तारीख न चुकता भरणारी माणसे चार आण्यांचे आच्छादन मात्र विसरतात, हा अनुभव विमानापुरता मर्यादित नाही.

आता जैन घरापुढचा प्रश्न. बाजारात विषारी फवारे विपुल आहेत आणि शेजारी तेच सुचवतात. पण कोळी आणि माशी हे आपल्या परंपरेत चतुरिंद्रिय जीव. उमास्वातींनी हिंसेचा संबंध प्रमादाशी जोडला आहे. मग मारण्याची इच्छा नसणे पुरेसे नाही. न पाहता बर्नर पेटवणे हाही प्रमादच, कारण त्यात आत बसलेला जीवही जळतो आणि घरातल्या माणसांचाही घात होऊ शकतो. जयणा पाळणाऱ्या गृहस्थाला येथे निवड करावी लागत नाही; जीवाला आत येऊच न देणे हाच दोघांच्या हिताचा मार्ग आहे.

त्यासाठी वेळ महत्त्वाची. अनेक जातींचे कोळी शरद ऋतूत अंड्यांचे कोष घालतात, म्हणून सहल संपताच, पहिल्या थंडीआधी काम उरकावे. प्रथम सिलिंडरची झडप बंद करून उपकरणे पूर्ण थंड होऊ द्यावीत. बाहेरची दारे उघडून टॉर्चच्या प्रकाशात पाहावे आणि मऊ ब्रशने नळी हलकेच झाडावी. वायूच्या सूक्ष्म छिद्रात मात्र तार किंवा टाचणी कधीही घालू नये. छिद्र किंचित रुंदावले तरी ज्योतीचे गणित बिघडते. मग झडपांवर स्टीलची बारीक जाळी बसवावी. ती कुंभारणीला अडवते, पण कोळ्याची पिल्ले बारीक जाळीतूनही शिरतात, हे ध्यानात ठेवलेले बरे. भट्टीच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी: हवा कोंडते म्हणून काही निर्माते भट्टीच्या झडपेवर जाळीस मनाई करतात. तेव्हा आधी माहितीपुस्तिका वाचावी.

गाडी उभी असेतो झडपा पुठ्ठ्याने आणि चिकटपट्टीने झाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय. त्यात एकच धोका आहे, झाकण काढायला विसरण्याचा. विमानतळावर अशा आच्छादनांना लांब लाल फीत लावतात ती याचसाठी. कॅम्परलाही तशीच फीत बांधावी आणि किती झाकणे लावली त्याचा आकडा गाडीच्या किल्लीला अडकवलेल्या चिठ्ठीवर लिहावा. रोजमेळ जुळवणाऱ्या घराला हे सांगायला नको.

आत अन्नाचा कण राहू देऊ नये. कण राहिला की मुंग्या येतात, मुंग्यांमागे कोळी, आणि कोळ्यांमागे कुंभारीण. ती कोळ्यांना डंखाने निश्चेष्ट करून आपल्या पिल्लांच्या अन्नासाठी मातीच्या घरट्यात कोंडते. जवळचा रात्रभर जळणारा दिवाही विझवावा, कारण प्रकाशाकडे किडे येतात आणि किड्यांसाठी कोळी. डांबराच्या गोळ्यांचा मोह टाळावा. त्यांची वाफ माणसालाही अपायकारक आहे.

गावाकडचे वडिलोपार्जित घर वर्षभर बंद ठेवणाऱ्या इकडच्या कुटुंबांनीही हे वाचून सोडून देऊ नये. दिवाळीला कुलूप उघडून पहिल्याच सकाळी गॅस गिझर पेटवला जातो, तेव्हा त्याच्या बर्नरची आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळीची अवस्था कोण पाहतो? कुलपाच्या भोकात आणि प्लगच्या खाचेत कुंभारणीने लिंपलेली माती तर प्रत्येकाने पाहिलेली असते.

वसंतात गाडी पुन्हा काढताना मोजून झाकणे उतरवावीत, कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणाऱ्या यंत्राची चाचणी घ्यावी आणि पहिली ज्योत दारे-खिडक्या उघड्या ठेवूनच पेटवावी. तरीही एखादे मातीचे घरटे सापडलेच, तर त्यावर गोल छिद्रे आहेत का ते पाहावे. छिद्रे असतील तर माश्या केव्हाच उडून गेल्या आहेत. मात्र घरटे सलग बंद असेल, तर आत जीव निजलेला असू शकतो. अशा वेळी पातळ पात्याने ते शक्य तितके अखंड सोडवून शेडच्या वळचणीला, पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवावे. भट्टी त्यानंतर पेटवता येते.