फळांची प्रतिमाधारित प्रतवारी

फळांची प्रतिमाधारित प्रतवारी म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रतिमांचे संगणकाद्वारे विश्लेषण करून फळांची आकार, रंग आणि सालीवरील दोष यांनुसार विभागणी करण्याची पद्धत होय. संगणकीय दृष्टी या ज्ञानशाखेचे हे एक उपयोजन आहे. या पद्धतीत फळ कापावे लागत नाही. सफरचंद, संत्रे, टोमॅटो, आंबा इत्यादींसाठी ती वापरली जाते.

पार्श्वभूमी

प्रतवारी पूर्वापार हाताने व नजरेने केली जाते. अनुभवी कामगार एका दृष्टिक्षेपात अनेक दोष ओळखतो. मात्र थकवा आणि बदलता प्रकाश यांमुळे त्याच्या निर्णयात फरक पडू शकतो. प्रतीवर भाव ठरत असल्याने या फरकाचा परिणाम थेट शेतकऱ्याच्या उत्पन्नावर होतो.

प्रतींच्या व्याख्या मानकांत दिलेल्या असतात. भारतात १९३७ च्या कृषी उत्पादन (प्रतवारी व चिन्हांकन) अधिनियमाखाली ॲगमार्क चिन्ह दिले जाते. कोडेक्स ॲलिमेंटेरियस या आंतरराष्ट्रीय संहितेत आंब्यासाठी १९९३ चे स्वतंत्र मानक आहे. त्यात ‘अ’ आकारगटातील, म्हणजे २०० ते ३५० ग्रॅम वजनाच्या फळावर पहिल्या वर्गात ३ चौरस सेंटीमीटरपर्यंत आणि दुसऱ्या वर्गात ५ चौरस सेंटीमीटरपर्यंत घासल्याचे, उन्हाचे किंवा चिकाचे डाग चालतात. अशी मोजता येणारी मर्यादा संगणकाच्या आज्ञावलीत उतरवता येते.

कार्यपद्धती

१. प्रतिमाग्रहण : फिरत्या रुळांच्या पट्ट्यावरून फळे कॅमेऱ्याखालून जातात. फळ स्वतःभोवती फिरत असल्याने त्याच्या निरनिराळ्या बाजूंची छायाचित्रे मिळतात. सालीवरील चमक डागासारखी भासू नये म्हणून विखुरलेला, स्थिर प्रकाश वापरतात.

२. विभाजन : प्रतिमेतील फळ पार्श्वभूमीपासून वेगळे केले जाते. त्यासाठी पिक्सेलच्या तेजस्वितेचे एक सीमामूल्य ठरवतात. जपानी संशोधक नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीने हे मूल्य प्रतिमेवरूनच काढता येते.

३. मापन : फळाची लांबी, रुंदी, रंग आणि डागांचे क्षेत्रफळ मोजले जाते. एक पिक्सेल फळावरील ०.५ मिलिमीटर बाजूच्या चौरसाएवढा असेल, तर ३ चौरस सेंटीमीटरच्या डागाने सुमारे १,२०० पिक्सेल व्यापले जातात. फळ गोलाकार असल्याने कडेजवळचा डाग प्रतिमेत आकसलेला दिसतो. त्यासाठी वक्रतेची दुरुस्ती करावी लागते. रंगमापनासाठी १९७६ ची ‘लॅब’ रंगप्रणाली सोयीची ठरते, कारण तीत हिरवा ते लाल आणि निळा ते पिवळा असे दोन स्वतंत्र अक्ष असतात.

४. वर्गीकरण : मोजलेल्या गुणांवरून प्रत ठरते व फळ योग्य मार्गिकेत सोडले जाते. अचूक वजनासाठी कॅमेऱ्याच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक काटाही बसवतात.

यंत्रशिक्षणाचा वापर

सुरुवातीच्या प्रणालींत कोणते गुण मोजायचे हे माणूस ठरवत असे. २०१२ नंतर प्रतिमा ओळखण्यासाठी बहुस्तरीय न्यूरल नेटवर्कचा प्रसार झाला. ही जाळी प्रत नमूद केलेल्या असंख्य छायाचित्रांवरून उपयुक्त गुण स्वतः शिकतात. मात्र ती प्रत आधी जाणकारांनीच ठरवलेली असते. त्यांच्या निर्णयातील विसंगती यंत्रातही उतरते. एका जातीच्या किंवा एका भागातील फळांवर शिकवलेली प्रणाली दुसरीकडे तितकीच विश्वसनीय ठरेल असे नाही.

मर्यादा

साधा कॅमेरा केवळ साल पाहतो. सफरचंदाच्या देठाजवळची खळगी त्याला डाग वाटू शकते, तर आतील बिघाड त्याच्या नजरेतून पूर्णपणे निसटतो. कोकणातील हापूस आंब्यात होणारा ‘साका’ हे याचे ठळक उदाहरण आहे. साका झालेल्या फळाचा गर पांढुरका, स्पंजासारखा व आंबट होतो, पण बाहेरून फळ निर्दोष दिसते. अशा दोषांसाठी गराच्या घनतेतील फरक दाखवणारे क्ष-किरण किंवा सालीखालून परावर्तित होणारा निकट-अवरक्त प्रकाश यांचा अभ्यास केला जातो.

अचूकतेचे मूल्यमापन

केवळ एकूण अचूकतेची टक्केवारी फसवी असू शकते. समजा, १,००० फळांपैकी ५० सदोष आहेत. सर्व फळांना चांगले ठरवणारी प्रणाली ९५ टक्के अचूक ठरेल, पण एकही सदोष फळ पकडणार नाही. म्हणून दोन चुका वेगवेगळ्या मोजतात : सदोष फळ चांगले ठरवणे आणि चांगले फळ नाकारणे. पहिल्या चुकीचा तोटा ग्राहकाला, तर दुसरीचा उत्पादकाला होतो. सीमामूल्य कडक केल्यास पहिली चूक घटते आणि दुसरी वाढते. सैल केल्यास उलट घडते. त्यामुळे ते कोठे ठेवायचे हा केवळ तांत्रिक निर्णय राहत नाही. मानकेही काही सूट देतात : आंब्याच्या कोडेक्स मानकात सर्वोच्च वर्गासाठी ५ टक्के आणि इतर दोन वर्गांसाठी १० टक्के फळे निकषाबाहेरची असली तरी चालतात.