प्रोसेसर किती तापला तर चालतो?

डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर किती तापमानापर्यंत सुरक्षित, याचे उत्तर प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळे असते आणि ते निर्मात्यानेच लिहून ठेवलेले असते. या मर्यादेला कमाल जंक्शन तापमान, तंत्रज्ञांच्या बोलीत टीजे-मॅक्स, म्हणतात. जंक्शन म्हणजे चिपच्या आतला, ट्रान्झिस्टर जिथे प्रत्यक्ष काम करतात तो भाग. वरच्या धातूच्या झाकणाचे तापमान वेगळे. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सियस आहे, तर कोअर अल्ट्रा ९ २८५के या प्रोसेसरची १०५. एएमडीच्या रायझन ७ ७७००एक्सची ९५ अंश.

पूर्वी इंटेल झाकणाच्या तापमानाची मर्यादा जाहीर करीत असे. कोअर आय५ २५००के या २०११ च्या लोकप्रिय प्रोसेसरसाठी ती ७२.६ अंश होती. ‘सत्तरच्या वर गेला की धोका’ हा जुना सल्ला बहुधा अशाच आकड्यांतून आला असावा. आजचे सॉफ्टवेअर मात्र आतल्या गाभ्याचे तापमान दाखवते आणि ते झाकणापेक्षा नेहमीच जास्त असते. दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

एकाच कंपनीच्या, एकाच पिढीतल्या प्रोसेसरांच्या मर्यादाही सारख्या नसतात. ७७००एक्सची मर्यादा ९५, पण त्याच मालिकेतल्या ७८००एक्स३डीची ८९. कारण रचनेत आहे. ७८००एक्स३डीमध्ये जादा कॅशे मेमरीचा थर मुख्य चिपच्या वर चढवलेला आहे, त्यामुळे खालची उष्णता वर येण्याच्या वाटेत एक गोधडीच येते. पुढच्या पिढीच्या ९८००एक्स३डीमध्ये एएमडीने हा थर चिपच्या खाली नेला. कूलर आणि गाभा पुन्हा जवळ आले आणि मर्यादाही ९५ वर गेली.

ही उष्णता येते कुठून? ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना प्रत्येक वेळी थोडी वीज खर्च होते आणि प्रोसेसरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच बनते. वेग वाढला की खर्च त्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज वाढले की त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही थोडी वीज गळत राहते, आणि चिप जितकी तापेल तितकी ही गळती वाढते. म्हणजे ताप स्वतःच तापात भर घालतो. इंटेल कोअर आय९ १३९००के पूर्ण जोरात असताना २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. घरातला साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो. तीन पंख्यांहून जास्त वीज नखाएवढ्या नाही तरी टपाल तिकिटाएवढ्याही नसलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यात शिरते, आणि तिची उष्णता तिथून सतत बाहेर काढावी लागते.

पाण्याला उकळी फुटते त्या तापमानाला यंत्र चालते, हे ऐकून सामान्य वापरणारा दचकतो. पण ही तुलना फसवी आहे. सिलिकॉन १,४०० अंशांच्याही वर वितळते. शंभरच्या आसपासची मर्यादा ठरते ती वितळण्याच्या भीतीने नव्हे, तर वाढती गळती, गणनेतल्या चुका आणि चिपचे आयुष्य यांच्या हिशेबाने.

ही मर्यादा ओलांडली जाऊ नये याची काळजी आजचा प्रोसेसर स्वतःच घेतो. आतले संवेदक सतत तापमान मोजत असतात. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आपला वेग आणि व्होल्टेज उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही तापमान चढतच राहिले, तर संगणक सरळ बंद पडतो. ही सोय पूर्वी सगळ्यांकडे नव्हती. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संगणकविषयक संकेतस्थळाने चालू यंत्रांवरचे हीटसिंक काढून काय होते ते दाखवले होते. पेंटियम ४ मंदावला पण चालत राहिला, पेंटियम ३ अडकून थांबला, आणि एएमडीच्या त्या वेळच्या अ‍ॅथलॉनमधून धूर निघाला. आज कुठल्याच प्रमुख निर्मात्याच्या प्रोसेसरची अशी गत होत नाही. क्षणभर ९८ चा आकडा दिसला म्हणून घाईघाईने प्लग उपटण्याची गरज नाही.

जास्त तापमानाचा खरा परिणाम वर्षांच्या हिशेबात दिसतो. चिपमधल्या अतिसूक्ष्म तारांतून जोरदार प्रवाह जात राहिला की धातूचे अणू हळूहळू सरकतात. कुठे तार झिजते, कुठे धातू साचतो. या प्रक्रियेला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात आणि उष्णतेने ती वेग धरते. पण झिजेला केवळ तापमान जबाबदार नसते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागल्याच्या तक्रारी गाजल्या, तेव्हा २०२४ मध्ये कंपनीने प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचे मान्य केले, मायक्रोकोडच्या सुधारणा दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही सुधारणा मदरबोर्डच्या बायोसमधून येते. त्या पिढ्यांचा के श्रेणीतला प्रोसेसर असलेल्यांनी तापमानाच्या काळजीआधी बायोस अद्ययावत आहे का ते तपासलेले बरे.

२०२२ मध्ये रायझन ७००० मालिका आली, तेव्हा पूर्ण भाराखाली ९५ अंश दिसतात म्हणून गदारोळ झाला. एएमडीचे उत्तर असे की हे ठरवूनच केले आहे: प्रोसेसर ९५ अंश गाठेपर्यंत वेग वाढवत नेतो आणि तिथेच टिकून राहतो. कूलर चांगला बसवला तर तापमान उतरेलच असे नाही. त्याच ९५ अंशांवर वेग थोडा जास्त मिळेल. हिशेब म्हणून हे बरोबर आहे, तरी पंख्यांचा आवाज आणि खोलीत ओतली जाणारी उष्णता पाहता प्रत्येक घराला हा सौदा परवडतोच असे नाही. त्यासाठी बायोसमध्ये इको मोड असतो. तो चालू केल्यावर वीज बरीच कमी लागते, आणि वेग त्या मानाने थोडाच घटतो. बहुतेकांना तो फरक जाणवणारही नाही.

रोजच्या वापरात काय दिसले तर ठीक म्हणावे? खोलीत २५ अंश असताना, संगणक नुसता चालू ठेवला तर ३० ते ५० अंश. गेम खेळताना ६० ते ८०. व्हिडिओ एन्कोडिंग किंवा थ्रीडी रेंडरिंगसारख्या सगळे गाभे राबवणाऱ्या कामात ८० ते ९०, मोठ्या प्रोसेसरांत मर्यादेपर्यंतही. हे आकडे एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये पाहता येतात. संवेदक मर्यादेजवळ जास्त अचूक असतात. थंड यंत्रावर दिसणारा आकडा तितका काटेकोर नसतो. शिवाय रायझन १८००एक्ससारखे काही सुरुवातीचे प्रोसेसर खऱ्या तापमानात मुद्दाम २० अंश मिळवून दाखवत, कारण पंख्यांचा वेग त्या आकड्यावर ठरायचा.

या आकड्यांत खोलीची हवा धरलेली असते, हे सहज विसरले जाते. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही; तो फक्त दोघांतला फरक आटोक्यात ठेवतो. खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. परदेशी समीक्षांतले आकडे बहुधा २०-२२ अंशांच्या खोलीतले असतात. नागपूर किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत पारा ४० वर असताना तोच प्रोसेसर, तोच कूलर समीक्षेपेक्षा १८-२० अंश जास्त दाखवेल. त्यात बिघाड काहीच नाही, पण समीक्षेत जी शिल्लक होती ती इथे संपलेली असते. विदर्भ-खानदेशात संगणक जोडताना कूलर एक पायरी वरचा घ्यावा, हा खर्च वाया जात नाही.

त्यानंतरचा प्रश्न डब्यातल्या हवेचा. (आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात, प्रत्यक्षात सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर.) कॉम्प्युटर टेबलमध्ये या डब्यासाठी दार लावलेला कप्पा असतो. दिसायला नीटनेटका, पण तिथे मागून निघालेली गरम हवा पुढून पुन्हा आत जाते. दार काढून टाकले तरी काही अंशांचा फरक पडतो. दिवाळीच्या साफसफाईत या डब्याचाही नंबर लावावा: प्लग काढून, उघड्यावर, ब्लोअरने हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ उडवावी. तेव्हा पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर हवेच्या झोतात तो अतिवेगाने फिरून खराब होऊ शकतो.

एकट्या आकड्यापेक्षा त्यातला बदल जास्त बोलका असतो. तेच काम, तीच खोली, आणि तापमान गेल्या वर्षीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त असेल, तर धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट किंवा मंदावलेला पंखा यांपैकी काहीतरी आहे; लिक्विड कूलर असेल तर त्याचा पंप. झाकण आणि कूलर यांच्यात सूक्ष्म फटी राहतात, त्यांतल्या हवेतून उष्णता जवळजवळ जात नाही. पेस्ट त्या फटी भरते. ती वाटाण्याएवढी पुरते.

नव्याने जोडलेला संगणक मात्र पहिल्या मिनिटालाच ९५ दाखवू लागला, तर कूलर काढून त्याचा तळ पाहावा. कारखान्यातून चिकटवलेली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म काढायची राहून गेलेली असू शकते.