पायाखालची जमीन

मंडळी, ‘पायाखालची जमीन सरकली’ असं आपण सहज म्हणतो. इथे घुग्घुसला, अमराई वॉर्डात, ऑगस्ट 2022 मध्ये ते शब्दशः घडलं. एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली कोळशाची जुनी भूमिगत खाण होती.

देकार्तने सगळ्यावर संशय घेतला, पण तोही शेकोटीजवळ निवांत बसूनच ना! सकाळी खाटेवरून पाय खाली टाकताना जमीन आहे का, हे आपण तपासत नाही. तो निष्कर्ष नसतो, भरवसा असतो. आणि तो होता हे कळतं, ते तुटल्यावर. मग ‘आमच्या घराखाली काय आहे?’ असं कोणी विचारलं, तर त्याला भित्रा म्हणू नये. तुटलेला भरवसा त्या प्रश्नाच्या उत्तरानेच परत येतो.