हेलिकोबॅक्टर पायलोरी : जठरनिवासी जिवाणू

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा मानवी जठराच्या श्लेष्मल थरात वस्ती करणारा सर्पिल आकाराचा जिवाणू आहे. जगातील जवळजवळ निम्म्या लोकांच्या पोटात तो आढळतो. त्याचा संसर्ग बहुधा बालपणीच, घरातल्याच कोणाकडून होतो आणि उपचार न केल्यास आयुष्यभर टिकतो. बहुसंख्य लोकांना त्याचा पत्ताही लागत नाही. मात्र दीर्घकालीन जठरशोथ, जठर व ग्रहणी यांतील व्रण आणि जठराचा कर्करोग या विकारांचे तो प्रमुख कारण आहे. आपल्याकडे पित्त म्हणून वर्षानुवर्षे सोसल्या जाणाऱ्या तक्रारींपैकी काहींच्या मुळाशीही हाच जिवाणू असतो. याच्या इतिहासात, औषधोपचारात आणि लससंशोधनात एक गुण पुन्हापुन्हा समोर येतो, तो म्हणजे याची विलक्षण परिवर्तनशीलता. तो गुण नीट समजला, की या जिवाणूने शास्त्रज्ञांना एकीकडे एवढे ज्ञान का दिले आणि दुसरीकडे एवढे का झुंजवले, हे उलगडते.

जठरात जिवाणू दिसल्याच्या नोंदी जुन्या आहेत. इटलीतील जुलिओ बिझोझेरो यांनी १८९३ मध्ये कुत्र्यांच्या जठरात सर्पिल जीव पाहिले होते. पुढे पोलंडमधील वालेरी यावोर्स्की यांनी मानवी जठरातील द्रवातही तसेच जीव नोंदवले. परंतु जठररसाची आम्लता इतकी तीव्र असते, की तेथे कोणताही जीव कायमचा राहूच शकणार नाही, असा समज वैद्यकात पक्का झाला. १९५४ साली अमेरिकेत हजाराहून अधिक रुग्णांच्या जठराचे नमुने तपासले गेले व त्यांत जिवाणू नसल्याचा निष्कर्ष निघाला. जिवाणू स्पष्ट दाखवणारी रंजनपद्धती त्या तपासणीत वापरलेलीच नव्हती. त्या निष्कर्षाने हा विषय जवळपास पंचवीस वर्षे मागे पडला. दरम्यान व्रणाचे खापर मानसिक ताण, तिखट आहार आणि वाढलेले आम्ल यांवर फोडले जात राहिले. रुग्ण वर्षानुवर्षे आम्ल कमी करणारी औषधे घेत, आणि औषध थांबवले की व्रण परत येत असे. अनेकांच्या जठराचा काही भाग शस्त्रक्रियेने काढून टाकावा लागे.

हा समज मोडला तो ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात. रॉयल पर्थ रुग्णालयातील विकृतिवैज्ञानिक रॉबिन वॉरेन यांना १९७९ मध्ये जठराच्या एका नमुन्यात वक्राकार जिवाणूंचा थर दिसला. चांदीच्या क्षारांनी रंगवण्याची पद्धत वापरून त्यांनी नमुन्यांमागून नमुने तपासले. जिथे जिवाणू तिथे दाह, हे नाते त्यांना पुन्हापुन्हा आढळले. सहकाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यात रस होता. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी १०० रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयत्न मात्र फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही की तबकड्या टाकून दिल्या जात. एप्रिल १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्ट्यांमुळे काही तबकड्या पाच दिवस उबवणयंत्रात राहिल्या आणि त्यांवर जिवाणूंच्या वसाहती दिसल्या. हा जिवाणू संथ वाढतो, एवढीच ती अडचण होती.

व्रणाचे कारण जिवाणू आहे, हे मानायला वैद्यकजगत तरीही तयार नव्हते. १९८४ मध्ये मार्शल यांनी प्रथम स्वतःच्या जठराची दुर्बिणीतून तपासणी करून ते निरोगी असल्याची खात्री केली आणि मग या जिवाणूंचे संवर्धन प्राशन केले. काही दिवसांत मळमळ व उलट्या सुरू झाल्या. दहाव्या दिवशीच्या तपासणीत जठराला तीव्र दाह झालेला आढळला आणि त्या नमुन्यात जिवाणूही मिळाले. या प्रयोगाची कथा फार सांगितली जाते, पण ती सांगताना दोन गोष्टींचे भान ठेवायला हवे. मार्शल यांना व्रण झाला नव्हता, जठरशोथ झाला होता. आणि या साहसाइतकेच, किंबहुना माझ्या मते त्याहून अधिक, मोल वॉरेन यांच्या सूक्ष्मदर्शकापाशी एकट्याने केलेल्या कामाचे आहे. २००५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले.

आरंभी हा जिवाणू कॅम्पिलोबॅक्टर या प्रजातीत गणला जात असे. रचनेतील आणि जनुकीय भेद स्पष्ट झाल्यावर १९८९ मध्ये त्याच्यासाठी हेलिकोबॅक्टर ही स्वतंत्र प्रजाती स्थापण्यात आली. मांजर, कुत्रा, चित्ता अशा प्राण्यांच्या जठरात याच प्रजातीतल्या इतर जाती राहतात. पायलोरी ही जाती ग्रॅम-ऋण आहे. तिची लांबी साधारण तीन मायक्रोमीटर असते, एका टोकाला आवरणयुक्त कशाभिकांचा झुबका असतो आणि वाढीसाठी तिला हवेपेक्षा पुष्कळ कमी ऑक्सिजन लागतो. आम्लात टिकण्याचे तिचे साधन म्हणजे यूरिएज हे विकर. निकेल या धातूच्या साहाय्याने काम करणारे हे विकर यूरियाचे विघटन करून अमोनिया व कार्बन डायऑक्साइड तयार करते. अमोनियामुळे जिवाणूच्या अवतीभवतीचे आम्ल उदासीन होते. तेवढ्या अवधीत तो कशाभिकांच्या बळावर श्लेष्म्यात शिरतो आणि जठराच्या पेशींलगत, जिथे आम्लता सौम्य असते, तिथे स्थिरावतो. निदानासाठीची श्वासचाचणी याच विकरावर आधारलेली आहे. रुग्णाला खुणेचा कार्बन असलेला यूरिया प्यायला देतात, आणि तो कार्बन काही मिनिटांत उच्छ्वासातून बाहेर आला तर जिवाणू आहे असे ठरते.

सर्वच वाण सारखे घातक नसतात. काही वाणांकडे सुईसारखी सूक्ष्म यंत्रणा असते, आणि तिच्याद्वारे ते कॅगए हे प्रथिन थेट जठराच्या पेशीत टोचतात. त्याने पेशीचे अंतर्गत संदेशवहन बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जिवाणूला मानवातील निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात स्थान दिले. भारतात संसर्ग मुबलक असूनही बहुतेक प्रदेशांत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण तुलनेने कमी आहे, तर मिझोराममध्ये ते फार मोठे आहे. यामागे आहार, तंबाखू, जिवाणूचे वाण आणि यजमानाची जनुके यांचा वाटा किती, यावर अभ्यास चालू आहे.

आता परिवर्तनशीलतेकडे वळू. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी जी यंत्रणा बहुतेक जिवाणूंत असते, ती या जिवाणूत अपुरी आहे. शिवाय परिसरात पडलेले दुसऱ्या जिवाणूचे डीएनए उचलून स्वतःच्या जनुकसंचात गुंफण्यात तो अत्यंत कुशल आहे. त्यामुळे नाते नसलेल्या दोन व्यक्तींच्या जठरांतील वाण जनुकीयदृष्ट्या क्वचितच एकसारखे सापडतात. संसर्ग मात्र प्रामुख्याने कुटुंबातून होत असल्याने प्रत्येक मानवसमूहाबरोबर त्याचे वाणही पिढ्यानपिढ्या चालत आले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूर्व आफ्रिकेपासून जसजसे दूर जावे तसतशी या जिवाणूची जनुकीय विविधता घटत जाते असे दिसले. सुमारे ५८,००० वर्षांपूर्वी मानवाबरोबरच तो आफ्रिकेबाहेर पडला, असा निष्कर्ष त्यातून निघाला. लडाखमधील बौद्ध व मुस्लिम समाज शतकानुशतके शेजारी राहत आले आहेत. त्यांच्या पूर्वजांचे वेगळे उगम मानवी जनुकांच्या नेहमीच्या खुणांपेक्षा जठरातील जिवाणूंनी अधिक स्पष्टपणे दाखवले. आल्प्स पर्वतात सापडलेल्या ओत्झी या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या हिममानवाच्या जठरातूनही या जिवाणूचा जनुकसंच मिळवता आला. तो आजच्या युरोपीय वाणांपेक्षा मध्य व दक्षिण आशियातील वाणांना जवळचा निघाला. मानवी स्थलांतराची साक्ष जठरातल्या एका सूक्ष्मजीवाने द्यावी, हे जीवशास्त्रातील मोठे आश्चर्य आहे.

इतिहासाला उपकारक ठरलेला हाच गुण रुग्णाच्या मुळावर येतो. हेलिकोबॅक्टरवर एकच प्रतिजैविक पुरत नाही. परंपरागत त्रिऔषधी उपचारात क्लॅरिथ्रोमायसीन आणि अमॉक्सिसिलीन ही दोन प्रतिजैविके व आम्लनिर्मिती रोखणारे एक औषध देतात. तिसऱ्या औषधाचे काम केवळ जळजळ शमवणे नव्हे. आम्लता उतरली की जिवाणू विभाजन करू लागतो, आणि विभाजन होत असतानाच ही प्रतिजैविके त्याला मारू शकतात. एके काळी या उपचाराने दहापैकी नऊ रुग्ण बरे होत. आज अनेक देशांत तो खात्रीचा राहिलेला नाही. क्लॅरिथ्रोमायसीन जिवाणूच्या रायबोसोमला चिकटून प्रथिननिर्मिती थांबवते. रायबोसोमच्या आरएनएमध्ये २१४२ किंवा २१४३ या स्थानावरील एक अक्षर बदलले, की औषधाची पकड सुटते. मेट्रोनिडॅझोल या दुसऱ्या प्रतिजैविकाची गोष्ट वेगळी आहे. ते औषध जिवाणूच्याच विकराने सक्रिय व्हावे लागते, आणि जिवाणू ते विकर बनवणारे जनुकच निकामी करून टाकतो. असा बदल एखाद्याच जिवाणूत घडला तरी औषधाच्या माऱ्यात तोच तगतो, आणि काही आठवड्यांत सारी वस्ती त्याच्या वंशजांची होते.

भारतात मेट्रोनिडॅझोलला दाद न देणाऱ्या वाणांचे प्रमाण बहुतेक पाहण्यांत निम्म्याहून अधिक आढळले आहे. आमांश व जुलाबासाठी हे औषध आपल्याकडे दशकानुदशके सर्रास घेतले गेले आणि प्रत्येक वेळी जठरातील हेलिकोबॅक्टरलाही त्याचा नकळत सराव होत गेला. सर्दी-खोकल्यासाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या ॲझिथ्रोमायसीनचेही तसेच आहे. ते क्लॅरिथ्रोमायसीनच्याच कुळातले असल्याने एकाला सरावलेला जिवाणू दुसऱ्यालाही जुमानत नाही. ज्या आजारांना प्रतिजैविकाची गरजच नव्हती, त्यांची किंमत पुढे व्रणाच्या रुग्णाने मोजावी, याचे मनापासून वाईट वाटते. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या प्रतिजैविकांची निकड असलेल्या जिवाणूंची यादी केली, तेव्हा क्लॅरिथ्रोमायसीनरोधी हेलिकोबॅक्टरला उच्च प्राधान्याच्या गटात घातले. सध्या अनेक तज्ज्ञ बिस्मथयुक्त चतुरौषधी उपचार पूर्ण चौदा दिवस द्यावा असे सांगतात. बिस्मथ हे जुने औषध असूनही त्याला हा जिवाणू सरावलेला दिसत नाही. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासचाचणी अथवा शौचचाचणी करून जिवाणू नष्ट झाल्याची खातरजमा करणे आवश्यक असते. आपल्याकडे नेमकी हीच चाचणी फार वेळा राहून जाते.

औषधांची ही मर्यादा लक्षात घेता लसीचा विचार ओघानेच येतो. पण येथे एक मूलभूत अडचण आहे. नैसर्गिक संसर्गात शरीर या जिवाणूविरुद्ध भरपूर प्रतिपिंडे तयार करते, तरीही जिवाणू हटत नाही. त्याच्या कशाभिकांचे प्रथिन शरीराच्या पहारेकरी ग्राहींना ओळखू येत नाही. त्याच्या बाह्य आवरणावरील शर्करासाखळ्या मानवी पेशींवरील साखळ्यांसारख्याच असतात. त्याचे व्हॅकए हे विष टी-पेशींची वाढ रोखते. म्हणजे निसर्गाने जी प्रतिरक्षा दिली आहे, तिच्याहून वेगळी आणि सरस प्रतिरक्षा लसीने निर्माण करायला हवी. १९९० च्या दशकात उंदरांवरील प्रयोगांत यूरिएज वापरून केलेल्या लसींना उत्तम यश आले. मात्र तोंडावाटे दिलेल्या लसीचा परिणाम वाढवण्यासाठी जे जिवाणुविष सहायक म्हणून मिसळले जाई, त्याने मानवी स्वयंसेवकांना जुलाब होऊ लागले.

सर्वांत आशादायक निष्कर्ष चीनमधून आले. यूरिएजच्या बी या उपघटकाला ई. कोलायच्या विषाचा निरुपद्रवी भाग जोडून तेथील शास्त्रज्ञांनी तोंडावाटे घेण्याची लस बनवली. जिआंग्सू प्रांतातील ६ ते १५ वयाच्या, संसर्ग न झालेल्या ४,४६४ मुलांवर तिची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी लसीची परिणामकारकता सुमारे ७२ टक्के होती. पुढील दोन वर्षांत ती ५५ टक्क्यांच्या आसपास उतरली. मानवात हेलिकोबॅक्टरविरुद्ध लस शक्य आहे, हे या चाचणीने सिद्ध केले, आणि ते यश लहान नव्हे. मात्र ही लस अद्याप सर्वसामान्य वापरात आलेली नाही. याउलट कॅगए व व्हॅकए यांसह तीन प्रतिजन असलेली, स्नायूत टोचण्याची एक लस जर्मनीत निरोगी स्वयंसेवकांवर पारखली गेली. त्यांना पुढे मुद्दाम जिवाणूंचा संसर्ग करण्यात आला. लसीने रक्तातील प्रतिपिंडे वाढवली, पण लस न मिळालेल्यांपेक्षा अधिक संरक्षण काही दिले नाही. रक्तातील प्रतिरक्षा आणि जठराच्या अस्तरातील प्रतिरक्षा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या निष्कर्षातून ठळकपणे पुढे आले.

लसीत कोणता प्रतिजन घ्यावा, हा निर्णयही जिवाणूच्या परिवर्तनशीलतेशीच बांधलेला आहे. कॅगए काही वाणांत मुळीच नसते आणि असते तिथे त्याची रूपे प्रदेशागणिक बदलतात. यूरिएज बदलले तर जिवाणू आम्लात जगूच शकणार नाही. म्हणून ते सर्व वाणांत जवळपास सारखे राहते, आणि लससंशोधकांचा कल त्याकडे अधिक आहे. दुसरा प्रश्न वयाचा आहे. चिनी चाचणी शाळकरी मुलांवर झाली होती. भारतासारख्या देशात पुष्कळ मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच संसर्ग झालेला असतो. त्यामुळे येथे लस उपयुक्त ठरायची तर ती तान्ह्या वयात, गोवर किंवा पोलिओच्या लसीच्या वेळापत्रकाबरोबर देता यायला हवी. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या काही लसी दाट वस्तीच्या, अस्वच्छ पाण्याच्या परिसरातील बालकांमध्ये कमी प्रभावी ठरतात, हे पोलिओ आणि रोटाव्हायरस यांच्या लसींबाबत दिसलेले आहे. म्हणून जिआंग्सूतील आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होतील असे धरून चालता येणार नाही. त्यासाठी येथील बालकांवर, येथे आढळणारे वाण लक्षात घेऊन, स्वतंत्र चाचण्या घ्याव्या लागतील.